परवान्याच्या बदल्यात मत मागणाऱ्याला ओळखा

सोलापूर जिल्ह्यातील शस्त्रपरवानाधारक बंधू-भगिनींनो, परवान्याचा अर्ज देऊन वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांनो, माजी सैनिकांनो, नेमबाजीचा सराव करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनो,

येत्या बुधवारी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेसाठी मतदान आहे. करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस या आपल्या अकराही मतदारसंघांत एकाच दिवशी. ज्यांना नोटीस आली त्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा आहेत. मे महिन्यात लोकसभेच्या वेळीही त्या जमा केल्या होत्या. पावती सांभाळायची, निकालानंतर ठाण्याच्या खेपा मारायच्या, एवढीच निवडणूक आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात राहते. कोणाला मत द्यायचं आणि कशासाठी, यावर आपण परवानाधारक म्हणून क्वचितच बोलतो. तेच बोलण्यासाठी हे आवाहन. कोणत्याही पक्षाचं नाव यात येणार नाही.

मागणं एकच आहे. "निवडून येऊ द्या, परवान्याचं मी बघतो," असं जो उमेदवार किंवा त्याचा माणूस तुमच्या ओट्यावर येऊन सांगेल, त्याला मत देऊ नका. तुमचं काम खरोखर अडलेलं असलं तरी देऊ नका.

कारण हे आश्वासन पाळण्याचा अधिकार आमदाराला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे ग्रामीण भागात परवाना देतात जिल्हाधिकारी, सोलापूर शहरात पोलीस आयुक्त. अर्ज आला की पोलिसांचा अहवाल मागवायचा, तो पाहून निर्णय करायचा. नकार द्यायचा असेल तर कारण लेखी नोंदवायचं आणि अर्जदाराने मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर, त्याला द्यायचं. नकाराविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. या साखळीत आमदाराच्या सहीची जागा कुठेही नाही. तरीही शिफारसपत्रांच्या चळती फिरतात, कारण आपणच त्या मागतो. अर्ज धूळ खात पडला की पहिला विचार "कोणाची ओळख आहे का" हाच येतो.

आणि शिफारशीने मिळालेल्या परवान्याची किंमत पुढे मोजावी लागते. ज्याच्या शब्दावर बंदूक मिळाली त्याच्या मिरवणुकीत ती खांद्यावर घेऊन चालावं लागतं. त्याच्या भांडणात आपण उभे दिसलो की गावाच्या नजरेत आपण त्याची माणसं झालो. दुसरीकडे, ज्याच्या शेतात रोज रात्री रानडुकरं शिरतात, ज्याच्यावर एकही गुन्हा नाही आणि ज्याचा वशिलाही नाही, त्याची फाईल तळाशी जाते. पदाचा पाठिंबा असलेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल आणि माळावरच्या शेतकऱ्याच्या हातात काठी, हे चित्र आपल्या जिल्ह्याने पुष्कळ पाहिलं आहे. हे बदलायचं तर मत नियमाच्या बाजूने पडलं पाहिजे.

गरज खरी नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याने करमाळ्यात जाऊन विचारावं. डिसेंबर २०२० मध्ये बीड आणि नगर जिल्ह्यांत माणसं मारून आलेला बिबट्या करमाळा तालुक्यात शिरला आणि तिथे त्याने तिघांचे बळी घेतले. शाळा, मजुरी, पाणी धरणं, सगळं थांबलं. बायाबापड्या दिवसाही रानात जायला धजावत नव्हत्या. पिंजरे लागले, पथकं आली, आणि अखेर १८ डिसेंबरला वन विभागाच्या आदेशावरून सुरू असलेल्या मोहिमेत बिटरगाव शिवारात अकलूजच्या एका नेमबाजाने त्याला टिपलं. त्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. ते राजकारणात आहेत, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर ते इथे लिहीत नाही. सांगायचं ते वेगळंच. ती गोळी लेखी आदेशानंतर, जबाबदार खात्याच्या देखरेखीखाली आणि सराव असलेल्या हाताने झाडली गेली. शस्त्राचा अभिमान बाळगायचा तर असा बाळगावा.

आता उसाला कोयता लागायची वेळ आली आहे. फड मोकळे होऊ लागले की त्यात दडलेलं जनावर बाहेर पडतं. ज्वारी नुकतीच उगवून आली आहे, डुकरांचा कळप एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरतो. वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला ठासणीची जुनी बंदूक आधारासाठी लागते, मिरवायला नव्हे. अधिनियमातच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. पण परवाना हातात आहे म्हणून दिसेल त्यावर गोळी झाडता येत नाही. रानडुकरासाठीही वन विभागाची परवानगी लागते, आणि काळविटाला वन्यजीव कायद्याने सर्वात कडक संरक्षण आहे. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य झालं ते १९७९ मध्ये. त्याच माळावर काळविटांचे कळप पिकात येतात हे आम्ही शेतकरी सोसतो. त्याची भरपाई वेळेवर मिळवून देणं हे मात्र आमदाराचं काम आहे. पंचनाम्याला किती दिवस लागतात, किती प्रकरणं पडून आहेत, हे विधानसभेत विचारायला त्याला कोणी अडवलेलं नाही. प्रचाराला येईल त्याला हे विचारा. बंदूक मागण्याआधी भरपाई मागा.

काही तरुण मित्र अमेरिकेचा दाखला देतात. तिथे १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत आहे आणि त्या एका प्रश्नावर लोक मतदान करतात, मग आपणही का करू नये, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना आपलाच इतिहास सांगावासा वाटतो. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. भारतीयाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट, असा तो कायदा होता. राष्ट्रीय चळवळीने त्याचा राग अनेक दशकं धरला. आपल्या सोलापूर शहराने तर मे १९३० मध्ये पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, १२ मेपासून लष्करी कायदा सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फासावर जाताना पाहिलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च १९३१ मध्ये, काँग्रेसच्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग तो हक्क घटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो घालण्याची दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येक नागरिकाला सरसकट हक्क दिला तर समाजाला घातक असलेल्या माणसांच्या हातीही तो जाईल, नियमनाचा अधिकार राज्याकडे राहिला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. मी स्वतः परवानाधारक आहे आणि मला बाबासाहेबांचं म्हणणं पटतं. गावात एकाच्या हाती बंदूक आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, आणि ती बंदूक कोणाच्या हाती द्यायची हे जात आणि पैसा ठरवणार, असं होऊ द्यायचं नसेल तर पारखून देणारी, सगळ्यांना सारखी लागू होणारी व्यवस्था हवी. आपली मागणी तीच असावी. बंदुका वाढवा असं आपण म्हणू नये. न्यायाने पारखा आणि वेळेत पारखा, एवढं म्हणावं.

मत कुठे परिणाम करतं याचं एक ताजं उदाहरण आहे. २०१९ मध्ये केंद्राने शस्त्र अधिनियमाचं दुरुस्ती विधेयक आणलं तेव्हा एका व्यक्तीकडे तीनऐवजी एकच शस्त्र ठेवण्याचा प्रस्ताव होता. खासदारांनी आक्षेप घेतले आणि मर्यादा दोनवर आली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. आजोबा-पणजोबांकडून आलेली तिसरी बंदूक अनेकांना वर्षभरात सोडावी लागली, ते दुःख खरं आहे. पण तो कायदा संसदेचा होता. बुधवारी आपण आमदार निवडतो आहोत. "कायदाच बदलून टाकतो" असं विधानसभेचा उमेदवार म्हणत असेल तर त्याला कायदा माहीत नाही, किंवा तुम्हाला तो माहीत नाही असं त्याला वाटतं. दोन्ही परिस्थितींत तो विश्वासाला पात्र नाही.

त्याच दुरुस्तीतली आणखी एक तरतूद विजयी मिरवणुकांसाठी लक्षात ठेवावी. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केला आणि त्याने कोणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २३ तारखेला निकाल आहे. तुमचा उमेदवार जिंको की हरो, एकही बार उडता कामा नये. वर गेलेली गोळी खाली येते आणि कोणाच्या तरी लेकराला लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्याच्या आरोपाखाली एका आमदाराला अटक झाली. त्याच महिन्यात मुंबईत एका माजी नगरसेवकाचा समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण सुरू असताना गोळ्या घालून खून झाला. ऑक्टोबरमध्ये वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकींचा खून झाला. प्रत्येक घटनेनंतर प्रामाणिक परवानाधारकाकडे पाहण्याची लोकांची नजर बदलते, आणि तपासणीचा जाच सगळ्यांत आधी त्यालाच होतो. म्हणून बंदुकीच्या जोरावर राजकारण करणाऱ्याला नाकारण्यात आपलाच स्वार्थ अधिक आहे.

उमेदवार ओळखणं अवघड नाही. अर्जासोबत प्रत्येकाने प्रतिज्ञापत्र दिलं आहे. त्यात प्रलंबित गुन्हे आणि मालमत्ता लिहिलेली असते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उघडून वाचता येतं. गुन्हे असतील तर उमेदवाराने ते वर्तमानपत्रांत तीन वेळा जाहीर करायचे असतात. तो बारीक टायपातला मजकूर आपण उलटून टाकतो. या वेळी घरच्या शिकलेल्या मुलीला बसवा आणि आपल्या मतदारसंघातली पाच-सहा प्रतिज्ञापत्रं मोठ्याने वाचून घ्या. दंगल, धमकी, शस्त्राचा धाक अशी कलमं दिसली तर त्याच्याविषयी चार ठिकाणी चौकशी करा. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, राजकीय आंदोलनाचे गुन्हेही असतात, हा फरक करायला हवा. पण शस्त्रांचे गुन्हे डोक्यावर असलेल्या माणसाने तुमच्याकडे शस्त्राच्या नावावर मत मागावं, हे आपण खपवून घेऊ नये.

बंदूक जमा करण्याबद्दलही विचारा. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेणं नियमाला धरून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर प्रत्येक जिल्ह्यात छाननी समितीने परवान्यांचा आढावा घ्यायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, पूर्वी विशेषतः निवडणुकीत दंगलीत गुंतलेले, अशांकडे मुख्यतः पाहायचं असतं. निर्णय त्यांच्यापुरता आणि विचारपूर्वक व्हावा ही अपेक्षा आहे. ही छाननी खरोखर व्हावी यासाठी नवा आमदार काय करणार? पोलीस अहवाल महिनोन्‌महिने अडतात त्याचं काय? जिल्ह्यातल्या मुलांना सरावासाठी धड रेंज मिळणार का? हे प्रश्न सभेत, चावडीवर, पारावर उघड विचारा. मात्र नोटीस मिळूनही ज्यांचं शस्त्र जमा करायचं राहिलं आहे त्यांनी हुज्जत न घालता ते जमा करावं, हरकत असल्यास लेखी द्यावी. ठाणे अंमलदाराशी भांडून कोणाचाही हक्क सिद्ध होत नाही.

बुधवारी मतदानाला जाताना कमरेला, गाडीत, पिशवीत कुठेही शस्त्र नसावं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ ब प्रमाणे मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि दोषी ठरल्यास शस्त्र जप्त होऊ शकतं आणि परवाना रद्द झाला असं धरलं जातं. उमेदवाराच्या सोबत अंगरक्षक म्हणून कोणी बोलावलं तरी त्या दिवशी जाऊ नका. शस्त्रपरवाना ओळखपत्र म्हणून चालणार नाही. मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट, वाहनचालक परवाना, रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी काही सोबत ठेवा. पैसे किंवा दारू वाटताना दिसली तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटो टाकून तक्रार नोंदवता येते, नाव गुप्त ठेवता येतं. यादीतलं नाव आणि केंद्र १९५० या क्रमांकावर विचारून घ्या. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना आणि ऊसतोडीला निघायच्या बेतात असलेल्या शेजाऱ्यांना सोबत न्या.

निकालानंतर आठवड्याने जमा पावती घेऊन ठाण्यात जा, शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या पावतीशी पडताळून घ्या. मिळायला उशीर झाला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहरात पोलीस आयुक्तांकडे, लेखी अर्ज करून पोच घ्या.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, उत्तर सोलापूर तालुका