निळ्या खोलीतील बाळ

घरात सुनेचे दिवस भरत आले, की बाळाच्या खोलीला फिकट आसमानी रंग देण्याची टूम आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून आता चांगलीच रुळली आहे. भिंती निळ्या, पडदे निळे, दुपटेही निळे. रंगाशी माझे वैर नाही. माझे बालपण ज्या वाड्यात गेले, तेथे दिवाळीपूर्वी चुन्यात नीळ कालवून भिंतींना हात दिला जाई आणि वैशाखातल्या दुपारी त्या खोलीत शिरताच डोळे निवत. ‘निळा म्हणजे मुलाचा’ ही समजूत मात्र गेल्या शतकातल्या पाश्चात्त्य बाजारपेठेची देणगी. आपल्याकडे जन्माआधी मुलगा की मुलगी हे सांगणेच १९९४ च्या कायद्याने निषिद्ध आहे!

माझी हरकत वेगळी आहे आणि ती माझ्याच चुकीतून जन्मली. एका स्नेह्यांच्या घरी चार दिवसांचे बाळ पाहावयास मी संध्याकाळी गेलो होतो. नवी निळी खोली, ट्यूबलाइटचा पांढरा प्रकाश. बाळ सावळे, दूध ओढणारे. ‘सर्व उत्तम’ असे सांगून मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचा फोन आला, ‘‘डॉक्टर, पडवीत तेल लावायला घेतलं, तर तळपाय हळद माखल्यासारखे दिसताहेत हो!’’ तपासणीत बिलिरुबिन २१ मिलिग्रॅम निघाले. बाळ वेळेवर प्रकाशोपचाराखाली गेले म्हणून निभावले. अन्यथा मेंदूला व श्रवणशक्तीला कायमची इजा पोहोचू शकली असती.

भिंतीचा रंग परावर्तित होऊन बाळाच्या त्वचेवर पडतो. निळसर उजेडात पिवळेपणा फिका भासतो, उलट नितळ बाळही काळेनिळे वाटू शकते. म्हणूनच नवजात अतिदक्षता कक्षांच्या भिंती उदासीन रंगाच्या असाव्यात, असा संकेत आहे. कावीळ चेहऱ्याकडून पायांकडे उतरते. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, कपाळ, छाती व तळपायाची त्वचा बोटाने दाबून सोडावी. क्षणभर उमटणारा रंग पाहावा. तो पिवळा दिसला, तर वाट न पाहता रक्ततपासणी करावी.

एका पित्याने मला विचारले होते, ‘‘खोली निळीच आहे, मग वेगळा निळा दिवा कशाला?’’ उपचार रंगाने होत नाही. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा तीव्र प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनचे रूप पालटतो व ते शरीराबाहेर पडू शकते. भिंतीवरून येणारा मंद उजेड ते काम करू शकत नाही. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील एका परिचारिकेला, उन्हात नेलेल्या बाळांची उघडी त्वचा कमी पिवळी दिसल्याचे आढळले. त्यातून १९५८ साली या उपचाराचा पहिला शोधनिबंध आला. तरीही कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवून तपासणी टाळू नये.

रंगकामाविषयी आणखी एक. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु जुन्या दारे-खिडक्यांवरील तेलरंगाला तो कसा लागू व्हावा? पॉलिशपेपरने घासताना उडणारी ती धूळ गर्भवतीच्या व तान्ह्याच्या श्वासात जाऊ नये, यासाठी हे काम प्रसूतीच्या तोंडावर काढूच नये.

त्या आजींनी खोलीचा रंग बदलला नाही. मी मात्र तेव्हापासून बाळ पाहावयास संध्याकाळी जात नाही. आणि गेल्यावर प्रथम त्याला पडवीत आणावयास सांगतो.