एका सामन्यावरून संघ ठरतो का?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, घटक चाचणीत मूल घसरलं की आपण लगेच शिकवणी बदलतो. मला तेव्हा अमेरिकेतला व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ आठवतो.

त्यांचा तेव्हाचा बचाव साधा. एकजण चेंडूवाल्याला भिडायचा, बाकीचे चौघे आत घुसायची वाट अडवायचे. लांबून मारा, आत येऊ नका! याच बळावर २०१८ मध्ये अव्वल मानांकन मिळालं, आणि पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकित यूएमबीसीने ७४-५४ असं हरवलं. मध्यंतराला २१-२१ बरोबरी होती. उत्तरार्धात तब्बल ५३ गुण दिले. पुरुषांच्या या स्पर्धेत अव्वल मानांकित संघ सोळाव्याकडून हरण्याची ती पहिलीच वेळ.

प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी मात्र बचाव मोडीत काढला नाही. २०१९ ला पहिल्याच सामन्यात गार्डनर-वेबविरुद्ध संघ पुन्हा १४ गुणांनी मागे! तरी ७१-५६ ने जिंकला, आणि पुढे विजेताही झाला.

आणखी एक. २०१८ च्या त्या सामन्यात डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे खेळलाच नव्हता. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने २७ गुण केले. म्हणून गुणपत्रक बघताना मी आता आधी विचारते, चाचणीच्या दिवशी हा जेवून आला होता का?