न्यूटन खोटा ठरलेला नाही

अकरावीच्या प्रात्यक्षिकात साधा दोलक असतो. एक मीटर लांबीचा दोलक, दोऱ्याला पितळेचा गोळा, हातात स्टॉपवॉच. वीस आंदोलनं मोजायची आणि वेळ वहीत मांडायची. गेल्या वर्षी एका मुलीनं दोऱ्याची गाठ मारता मारता मला विचारलं, "सर, आइन्स्टाइननं न्यूटनला खोटं ठरवलंय ना? मग हे आपण अजून का शिकतो?"

तिला तेव्हा दिलेलं उत्तर घाईचं होतं. सविस्तर उत्तर द्यायचं राहिलं, ते इथे देतो. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. शिकल्यासवरल्या लोकांच्या बैठकीतही हेच बोललं जातं.

पूर्वपक्ष असा : न्यूटनला आइन्स्टाइननं मागे टाकलं, फ्रॉइड प्रयोगांपुढे टिकला नाही, अ‍ॅरिस्टॉटल तर गुलामगिरीचं समर्थन करून बसला. तेव्हा या जुन्या मंडळींना हार घाला, भिंतीवर टांगा आणि आजचं काय ते शिकवा. हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टींत तथ्य आहे. चूक आहे ती तिन्हींना एकाच मापानं मोजण्यात.

आधी भौतिकशास्त्र. युरेनस हा ग्रह न्यूटनच्या गणितानं सांगितलेल्या वाटेवरून चालत नव्हता. फ्रान्सच्या खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएनं नियमावर शंका घेतली नाही. पलीकडे कुणीतरी ओढ लावत असणार असं धरून त्यानं कागदावर त्या अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि बर्लिनला पत्र पाठवलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथल्या वेधशाळेत गॅलेनं दुर्बीण वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ तेव्हा १५९ वर्षं जुना होता.

याच लव्हेरिएनं पुढे १८५९ मध्ये बुधाची अडचण मांडली. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांची सगळी ओढ जमेला धरली तरी थोडं सरकणं उरतंच. आजच्या मोजमापानं ते शतकाला ४३ विकला भरतं, आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. त्यानं पुन्हा तीच युक्ती केली, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असं मानलं, त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. तो ग्रह कधीच सापडला नाही. माणूस तोच, नियम तेच, युक्ती तीच; नेपच्यूनला यश, बुधाला अपयश. त्या ४३ विकलांचा हिशेब १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्तानं चुकता केला.

इथे घडलं काय ते नीट पाहा. न्यूटनचा नियम कुठपर्यंत चालतो त्याची हद्द सापडली. आइन्स्टाइननं आपली समीकरणं बांधतानाच अट घातली होती की गुरुत्व सौम्य आणि वेग कमी असेल तिथे त्यांतून न्यूटनच निघाला पाहिजे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरनं धावते. तो वेग प्रकाशाच्या वेगाचा दहा हजारावा हिस्सा. एवढ्या वेगामुळे काळाच्या मोजमापात पडणारा फरक वर्षाकाठी सेकंदाच्या पाचव्या भागाहून कमी. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्या प्रवासाच्या गणिताचा कणा न्यूटनचेच नियम होते. ज्या नियमावर यान उतरवता येतं त्याला खोटा म्हणणं हा भाषेचा दुरुपयोग आहे.

मानसशास्त्रात मात्र मी पूर्वपक्षाला अर्धी वाट सोबत करतो. फ्रॉइडच्या कितीतरी कल्पना आज उभ्या राहत नाहीत आणि त्या तशाच शिकवू नयेत. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो : रुग्णानं होकार दिला तरी सिद्धान्त खरा आणि नकार दिला तरी खरा, तर त्याची परीक्षा घ्यायची कुठे? पण या शास्त्राचं अभिजात म्हणजे एकटा फ्रॉइड, हे कुणी ठरवलं? हर्मान एबिंगहाऊसनं निरर्थक अक्षरगट रचले, स्वतःच पाठ केले, स्वतःच विसरला आणि किती विसरला ते मोजून १८८५ साली प्रसिद्ध केलं. वीस मिनिटांनी तेच पुन्हा पाठ करायला बसलं तर पहिल्या वेळेच्या मानानं सुमारे ५८ टक्के मेहनत वाचते, एका दिवसानं ३४ टक्के आणि महिन्यानं २१ टक्के. विसरण्याची घसरण सुरुवातीला जोरात आणि मग मंद. २०१५ मध्ये हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला, विसरण्याचा वक्र जवळपास तसाच आला. एका माणसावरचा आणि अर्थ नसलेल्या अक्षरांवरचा प्रयोग, ही त्याची हद्द. त्या हद्दीत तो पक्का आहे. दिवेलागणीला परवचा म्हणून घेणाऱ्या आजीला हा वक्र ठाऊक नव्हता. रोजच्या उजळणीचा गुण तिला अनुभवानं ठाऊक होता.

उलट टोकाच्या मंडळींनाही एवढंच सांगायचं आहे. ‘सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं’ म्हणणारे प्राचीन तत्त्वज्ञ कणादाचा परमाणू पुढे करतात. कणादाची तर्कबुद्धी थोर होती. पण न मोजलेल्या परमाणूला मोजलेल्या अणूचा मान देऊन त्याचा गौरव होत नाही, त्याच्या तर्काकडे मात्र दुर्लक्ष होतं.

राज्यविचाराची गोष्ट सगळ्यात अवघड, कारण तिथे दुर्बीण नाही आणि स्टॉपवॉचही नाही. काही माणसं जन्मतःच गुलाम असतात हे अ‍ॅरिस्टॉटलचं मत त्या काळाची रीत म्हणून सोडून देता येणार नाही. ते खोडलंच पाहिजे, दरवेळी, वर्गात, मोठ्यानं. पण राज्य सगळ्यांच्या हितासाठी चालतं की चालवणाऱ्याच्या, यावरून ते चांगलं की बिघडलेलं ठरवायचं, हा निकषही त्याचाच. तो निकष त्याच्यावरच उलटवला की त्याची गुलामगिरी कोसळते.

हे काम कसं करायचं याचा धडा आपल्याला महाडनं घालून दिला आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. जुनी म्हणून जाळली नाही; माणसाला पाणी नाकारणाऱ्या व्यवस्थेचा ती आधार होती म्हणून जाळली. आणि त्याच परिषदेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला, तीही तोवर १३८ वर्षं जुनी झाली होती. त्यांच्याआधी जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन वाचला, आगरकरांनी जॉन स्टुअर्ट मिल वाचला, तो इथल्या माणसाच्या कामाला लावण्यासाठी. विचाराचं वय त्यांनी पाहिलं नाही. त्याच्याखाली सगळ्यात तळाचा माणूस ताठ उभा राहू शकतो का, हे पाहिलं. राज्यविचाराला लावायची कसोटी मला हीच दिसते, आणि ती प्रयोगशाळेतल्या कसोटीइतकीच कडक आहे.

त्या मुलीच्या वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद लागले, न्यूटनच्या हिशेबाप्रमाणे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, राज्यघटना स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, कितीही थोर माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका असा इशारा आंबेडकरांनी संविधान सभेत दिला, तो जॉन स्टुअर्ट मिलचं नाव घेऊन. मिल वारला त्याला तेव्हा ७६ वर्षं झाली होती.