कुलूप चव्हाट्यावर, किल्ली कनवटीला

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरील टपाल कचेरीची इमारत आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची आहे. टपालपेटीचे तोंड सर्वांस खुले असते. तिच्या रचनेत गुपित असे काहीच नाही. तरीही आतील पत्रे सुरक्षित राहतात, कारण किल्ली पेटीवर टांगलेली नसते. संगणकाच्या युगात एवढी साधी गोष्ट विसरली जावी, याचे आम्हांस नवल वाटते.

हल्ली विद्यार्थी संगणकाच्या आज्ञावली लिहितात आणि गिटहबसारख्या ठिकाणी सर्वांसाठी खुल्या ठेवतात. आज्ञावलीसोबत एक कॉन्फिगरेशन फाइल असते. माहितीचा साठा कोठे आहे, त्यात कोणत्या नावाने शिरावयाचे, हे तीत नमूद असते. आणि सोयीसाठी पासवर्डही पुष्कळदा तेथेच लिहिला जातो. टोयोटा कंपनीच्या एका सेवेची अशी किल्ली २०१७ पासून २०२२ पर्यंत, सुमारे पाच वर्षे, उघड्यावर राहिली. त्यामुळे २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते परक्यांच्या हाती पडण्याची भीती उत्पन्न झाली.

यावर कोणी म्हणतील, मुलांनी आपले काम जगास दाखवूच नये. हे आम्हांस मान्य नाही. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्येच सांगून ठेवले आहे की, गुप्तलेखनाची पद्धत शत्रूस कळली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. विद्या वाटल्याने वाढते. तेव्हा रीत खुशाल वाटावी.

मात्र गुप्ततेचाही अतिरेक नको. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील शिंद्यांच्या गंगाजळीचे बीजक केवळ महाराजांस ठाऊक असे, अशी कथा सांगतात. १८८६ मध्ये जयाजीराव निवर्तले, तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. आणि ते बीजक त्यांना सांगावयाचे राहूनच गेले, असे म्हणतात. किल्ली चव्हाट्यावर नसावी, तशी एकाच मस्तकात कोंडलेलीही नसावी.

म्हणून आमचे मत असे. पासवर्ड निराळ्या फाइलीत ठेवावा व ती फाइल सार्वजनिक प्रतीतून वगळावी. इतरांसाठी रिकाम्या जागा सोडलेला नमुना द्यावा. खरी किल्ली दोघा जबाबदार व्यक्तींपाशी असावी. चुकून ती उघडी पडलीच, तर नुसती ओळ खोडून भागत नाही. जुन्या आवृत्तींत ती तशीच राहते. पासवर्ड तत्काळ बदलणे, हाच उपाय. आणि ज्या मुलाने चूक आपण होऊन सांगितली, त्याला रागावू नये. अन्यथा पुढचा मुलगा ती लपवील, आणि लपविलेली चूक अधिक घातक ठरते.

शाळेच्या संगणकात मुलांचे गुण असतात, घरचे पत्ते असतात. पालकांनी ते विश्वासाने आमच्या स्वाधीन केलेले असतात. त्या विश्वासाची किल्ली सांभाळणे हाही शिक्षणाचाच भाग होय.