देवाचे हसरे चित्र

गणेशोत्सव जवळ आला की वडीलधाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलांच्या पुस्तकांत देव आता वाटोळ्या डोळ्यांचे, ठेंगणे, खेळण्यासारखे काढतात. ही विटंबना नव्हे काय? सरसकट तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

संजय पटेल हे अमेरिकेत वाढलेले गुजराती चित्रकार. परंपरागत देवस्वरूपे व्यंगचित्राच्या रेषेत आणून त्यांनी २००६ साली हिंदू देवदेवतांचे एक चिमुकले पुस्तक काढले. २०१५ च्या त्यांच्या सात मिनिटांच्या चित्रपटात वडील पूजेस बसले आहेत आणि मुलाचे चित्त दूरचित्रवाणीवरील वीरांत गुंतले आहे; अखेर विष्णू, दुर्गा आणि हनुमान हेच त्याचे वीर ठरतात. आपल्या पेठांतील किती नातवंडे सायंआरतीस आपण होऊन उभी राहतात, हे ज्याने त्याने पाहावे.

परंपरेचे काय, असे कोणी विचारील. देव्हाऱ्यातील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी बहुधा राजा रविवर्म्याच्या वळणाच्या. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. विलायती तैलरंगांची ती रीत तेव्हा नवीच होती. आज तीच सनातन वाटते! याहून जुना दाखला हवा असेल, तर कसब्यातून नागझरी ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीस जावे. १७५४ साली आरंभिलेल्या या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर गेंड्यास साखळदंडांनी जखडणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. गाभाऱ्यात मयूरावर बसलेले गजानन, आणि दारात समकालीन राजकारणावरील हे शिल्प. शिल्पकारास त्यात विसंगती वाटली नाही.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाची देवता प्रमथ, म्हणजे शिवाचे गण, असे सांगितले आहे. त्या गणांचा अधिपती कोण, हे कसब्यातील भाविकांस सांगावयास नको. तेथेच हास्याचे सहा प्रकार आहेत. स्मित व हसित हे उत्तमांचे, अपहसित व अतिहसित हे अधमांचे. हेच माप चित्रासही लावावे. पटेलांची रेषा मला पहिल्या दोहोंत दिसते. नारदीय कीर्तनात उत्तररंगी देवाची थट्टा आम्हीही करतो, आणि श्रोते हसून झाल्यावर हातच जोडतात.

मिठाईच्या खोक्यावर छापलेला आणि दुसऱ्या दिवशी पायदळी येणारा गणपती, मग तो कितीही शास्त्रोक्त चितारलेला असो, मला अधिक खुपतो. त्याबद्दल मात्र कोणाची तक्रार अजून ऐकली नाही.