कागद वाचला, पण फोनचं काय?

पालकांच्या ग्रुपवर गृहपाठ, सूचना, सराव परीक्षा सगळं पीडीएफमध्ये यायला लागलं, त्याला चार-पाच वर्षं झाली. कागद वाचतो, झाडं वाचतात, असं सांगितलं जातं. मीही वर्गात सांगितलंय. पण हिशेब एवढा सोपा नाही.

कागदाचा खर्च आपल्याला दिसतो. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कागदाचा मोठा कारखाना आहे, त्याला लगदा, पाणी, वाफ किती लागत असेल याचा अंदाज कुणालाही येतो. फोनचा खर्च मात्र दूरच्या खाणीत आणि कारखान्यात होऊन जातो. चार्जिंगची वीज तशी किरकोळ. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच झालेला असतो. म्हणून दोन वर्षांत फोन बदलणाऱ्याने वहीच्या पानांवर भाषण देऊ नये.

आणि जुना फोन जातो कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, त्यातला फक्त 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. बाकीचा भंगारात. आपल्या समाजातली बरीच घरं भंगारच्या धंद्यावर चालतात. तांबं काढायला वायर जाळणारा पोरगा तोच धूर छातीत घेतो. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या नियमांत ही जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, पण गल्लीतल्या दुकानापर्यंत ते कुणी पोचवलेलं नाही.

शिकण्याचं म्हणाल तर उर्दूच्या वर्गात फरक लगेच कळतो. कीबोर्डवर हरफ आपोआप जुळतात. दाल, रे, वाव पुढच्या हरफाला जुळत नाहीत, हे मुलाला हाताने लिहिल्याशिवाय समजत नाही. पीडीएफ मला शिक्षक म्हणून उपयोगी आहे, बालभारतीचं कुठलंही पुस्तक मिनिटात सापडतं. पण घरात एकच फोन, तोही अब्बांबरोबर कामावर गेलेला, तिथे मुलाने संध्याकाळपर्यंत काय करायचं?

कागदातही चूक होतेच. 2023-24 पासून सरकारने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. दप्तर हलकं व्हावं हा हेतू चांगला होता. पण थोरलीचं पुस्तक धाकट्याला देण्याची आपल्याकडची जुनी पद्धत त्याने मोडली. लिहून भरलेलं पुस्तक कोण घेणार? मुलं वह्या आणतच राहिली, म्हणजे कागद दुप्पट. जानेवारी 2025 मध्ये तो निर्णय रद्द झाला, हे बरं झालं.

तशी बरीच पुस्तकं मुलांनी परत आणून दिली. निम्म्याहून जास्त कोरी पानं तशीच होती. ती काढून शिवून घेतली. यंदा माझ्या पाचवीच्या वर्गाची कच्ची वही तीच आहे.