एका रात्रीचा मुक्काम आणि गावाची जमीन

स्कॉटलंडच्या उत्तरेस सदर्लंड परगण्यात डॉर्नॉक नावाचे लहानसे गाव आहे. वाळूचा किनारा, तेराव्या शतकातील चर्च आणि जगभर नावाजलेले गोल्फचे मैदान हे त्याचे वैभव. उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा ५१६ मैलांचा पर्यटनमार्ग २०१५ साली 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावाने जाहीर झाला. तेव्हापासून या भागात दर उन्हाळ्यात मोटारहोमांची, म्हणजे चूल, बिछाना व संडास घेऊन फिरणाऱ्या चाकांवरच्या घरांची, रीघ लागते. एका रात्रीचा मुक्काम, ताजे पाणी आणि सांडपाण्याची टाकी रिती करावयास जागा, एवढीच त्यांची गरज असते. ती भागली नाही की वाहन रस्त्याच्या कडेला उभे राहते, घाण वाटेल तिथे पडते आणि गावकरी व पाहुणे यांच्यात खटके उडू लागतात.

या वादातील एक पक्ष म्हणतो, हे पाहुणे शिधाही बरोबर आणतात, गावाला त्यांचा उपयोग काय? त्यापेक्षा एका फेरीला दोनशे पौंडांहून अधिक मोजणारा, हॉटेलात उतरणारा गोल्फ खेळाडू बरा. दुसरा पक्ष म्हणतो, सर्वांनाच येऊ द्या, बाजार आपोआप सोय करील. दोन्ही पक्ष पाहुण्याच्या खिशावरूनच गावाचे हित मोजतात. जमीन कोणाची आणि तिच्याविषयी निर्णय कोणी घ्यावयाचा, हा मूळ प्रश्न मात्र दोघेही टाळतात.

सदर्लंडमध्ये तरी तो टाळता येणार नाही. १८१४ ते १८२० या काळात येथील सुमारे पंधरा हजार माणसांना जमिनीवरून हुसकावून तेथे मेंढ्यांची कुरणे केली गेली, याची नोंद मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथात केली आहे. हुसकावलेल्यांपैकी अनेकांना किनाऱ्यावरचे निकृष्ट तुकडे मिळाले. दीर्घ लढ्यानंतर १८८६ च्या कायद्याने डोंगराळ भागातील लहान कुळांना जमिनीवरील ताब्याची हमी दिली. योगायोग असा की, त्याच वर्षी ओल्ड टॉम मॉरिस डॉर्नॉकचे गोल्फ मैदान आखावयास आला.

यात दोष खेळाचा नाही. सेंट अँड्रूजची मैदाने आजही सार्वजनिक न्यासाकडे आहेत आणि तेथील सर्वांत जुने मैदान रविवारी सहसा खेळासाठी बंद ठेवून लोकांना फिरावयास मोकळे असते. दोष मोटारहोमचाही नाही. त्यात निवृत्त कामगार असू शकतो, तसा धनिकही. दोघांकडूनही गावाला काय मिळावे, हे ठरविणारी सत्ता गावाच्या हाती आहे काय, हे पाहिले पाहिजे.

स्कॉटलंडमधील २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने खाजगी जमिनीवरूनही पायी फिरण्याचा व तंबू ठोकण्याचा हक्क प्रत्येकाला दिला, परंतु मोटार वाहनांना तो नाही. त्यांना जागेच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून ही जागा सार्वजनिक असणे अगत्याचे ठरते. डॉर्नॉकसारख्या जुन्या सनदी गावांचा 'सामाईक हिताचा निधी' आजही अस्तित्वात आहे. पण १९७५ साली नगरपरिषदा रद्द झाल्या आणि निर्णय दूर इन्व्हर्नेसला गेले. तेथील हायलंड कौन्सिलने २०२४ मध्ये मोटारहोमांसाठी सात दिवसांना ४० पौंडांची ऐच्छिक वर्गणी सुरू केली. ऐच्छिक वर्गणीला धोरण म्हणता येत नाही. प्रामाणिक माणूस पैसे भरतो, बाकीचे निघून जातात आणि संडास साफ करण्याचा खर्च गावाच्या माथी राहतो.

यावर उपाय अवघड नाही. फ्रान्समधील अनेक लहान नगरपालिका असे थांबे स्वतः चालवितात. सार्वजनिक जागेवर मोजक्या वाहनांचा थांबा, पाणी व सांडपाण्याची सोय, माफक पण सक्तीचे शुल्क, आणि ते गावाच्याच सामाईक निधीत जमा. त्यातून बारमाही नोकरीचा देखभाल करणारा कामगार नेमावा आणि उरलेली रक्कम भाड्याच्या घरांसाठी वापरावी, कारण तरुण गावात टिकले तरच पाहुणचाराला अर्थ आहे. मुक्कामाच्या भाड्यावर कर बसविण्याचा अधिकार २०२४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना मिळाला आहे. त्यामुळे हॉटेलात उतरणाऱ्या गोल्फ खेळाडूकडूनही गावाचा वाटा घेता येईल.

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नव्हे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आखले. कोकणात वा घाटमाथ्यावर अशा वाहनांसाठी जागा शोधताना गायरानाकडे बोट दाखविले जाईल, तेव्हा ग्रामसभेला आधी विचारले जाणार की नंतर कळविले जाणार? पाहुणा एका रात्रीत निघून जातो. जमीन एकदा हातची गेली की ती परत मिळविण्यास पिढ्या लागतात, हे सदर्लंडने पुरेशी किंमत देऊन दाखविले आहे.